सुताची गुंडी आणि साबणाची टोपली

१९७०-८०च्या दशकांत ज्यांचं बालपण गेलं त्यांना साबणाची टोपली आठवत असेलच. अंगाच्या साबणाची अंडाकृती वडी घ्यायची, वरच्या आणि खालच्या कडेला ओळीनं टाचण्या टोचायच्या, त्यांच्यामधून लोकर किंवा सॅटिनची रिबीन तिरकी तिरकी फिरवायची, तारेला लोकर गुंडाळून कडी करायची आणि वर चार प्लास्टिकची फुलं खोचायची. साबण मात्र नवाच हवा, वाळलेली वडी टाचणी लागताच तडकते! तयार टोपली कुणाच्या वाढदिवसाला, कुणाच्या हळदीकुंकवाला जायची आणि पुढे कित्येक वर्षं शोकेसमध्ये बसायची.

अशा टोपलीला इतिहास तो काय असणार, असं तुम्ही म्हणाल. मी शाळेत इतिहास शिकवला आणि कार्यानुभवाचे तासही घेतले. त्यामुळे मला हे दोन्ही धागे एकमेकांत गुंतलेले दिसतात. हातानं केलेली वस्तू कधी भेट ठरते आणि कधी नुसतीच वेठ, हा प्रश्न आपल्याकडे शंभर वर्षांपूर्वी थेट काँग्रेसच्या अधिवेशनातच आला होता.

डिसेंबर १९२४. बेळगावचं अधिवेशन. गांधीजींनी अध्यक्षपद भूषवलेलं हे एकमेव अधिवेशन. तिथे ठरलं की सभासदाची वर्गणी पैशांत नाही तर सुतात घ्यायची : दरमहा २००० वार सूत. म्हणजे महिन्याला पावणेदोन किलोमीटरहून लांब धागा! कल्पना सुंदर होती. गरीब असो की वकील, प्रत्येकानं देशाला आपल्या हाताचे तास द्यायचे. पण त्याच ठरावात एक पळवाटही होती. आजारपण असेल किंवा कातायची इच्छाच नसेल, तर दुसऱ्यानं कातलेलं तितकंच सूत दिलं तरी चालेल. मग व्हायचं तेच झालं. पुष्कळांनी सूत विकत आणून भरलं. सप्टेंबर १९२५ मध्ये पाटण्याला महासमितीनं नियम सैल केला आणि चार आणे किंवा वर्षाला २००० वार स्वतःचं सूत, यातलं काहीही चालेल असं ठरवलं.

पुढे ऑक्टोबर १९३७ मध्ये वर्ध्याला शिक्षण परिषद भरली. डॉ. झाकिर हुसेन यांच्या समितीनं मूलोद्योगी शिक्षणाची योजना आखली आणि टकळी शाळेच्या वर्गात आली. आमच्या पिढीनं पेळू आणि टकळी घेऊन शाळेत सूत काढलं आहे. एकशेसाठ तारांची एक लटी, चार लट्यांची एक गुंडी. तार चार फुटांची, म्हणजे गुंडीत पाऊण किलोमीटरहून जास्त सूत झालं. हिशेब पाठ होता, पण सूत मात्र तुटायचं!

याच सुताची एक भेट सातासमुद्रापार गेली. २० नोव्हेंबर १९४७ रोजी इंग्लंडच्या राजकन्या एलिझाबेथ यांचं लग्न झालं. गांधीजींनी स्वतः कातलेल्या सुताचा, मधोमध ‘जय हिंद’ विणलेला जाळीदार रुमाल त्यांना भेट पाठवला. अडीच हजारांवर आहेर आला होता, त्यात रत्नं होती, चांदी होती. राजकन्येची आजी राणी मेरी हिला तो रुमाल म्हणजे पंचा वाटला आणि ती चिडली, असं सांगतात. हातच्या भेटीकडे नाक मुरडणं हे फक्त आपल्या नातलगांतच चालतं असं नाही, बरं का!

गांधीजी गेल्यावर विनोबांनी सूतांजलीची प्रथा सुरू केली. १२ फेब्रुवारीला पवनारच्या मेळ्यात लोक स्वतः कातलेली एक गुंडी अर्पण करू लागले. वर्गणी नाही, सक्ती नाही. ज्याला वाटेल त्यानं द्यावी.

आणि मग १९६२. चीनचं युद्ध सुरू झालं तेव्हा मी शाळेत होते. हिमालयातल्या जवानांकडे पुरेसे गरम कपडे नाहीत हे कळल्यावर देशभर बायकांनी सुया हातात घेतल्या. ओसरीवर, दुपारच्या गप्पांत, जिथे तिथे स्वेटर, मफलर, हातमोजे विणले जात होते. ज्यांना उलटं-सुलटं एवढंच येत होतं त्यांनी साधे मफलर केले. मफलर कुणाच्या गळ्यात जाणार हे कुणालाच ठाऊक नव्हतं. ना नाव, ना पत्ता. माझ्या मते भेट यापेक्षा शुद्ध असू शकत नाही.

कोठारी आयोगाच्या (१९६४-६६) शिफारशीनंतर शाळांत कार्यानुभव आला आणि बेळगावचीच गोष्ट लहान प्रमाणात पुन्हा घडली. मार्क असले की टोपली आई करून द्यायची, नाहीतर मोठी बहीण. आम्हा शिक्षकांना ते लगेच ओळखू यायचं, टाचण्यांमधलं अंतर फारच सारखं असायचं! पण त्याच मुली दिवाळीच्या सुट्टीत, कुणीही न सांगता, मावशीसाठी टोपली करायच्या. ती वाकडी असायची, पण तिच्यावरची बोटं त्यांची स्वतःची असायची.

अशा भेटींना ‘स्वस्तात भागवलं’ म्हणणारी माणसं तेव्हाही होती. त्यांचं अगदीच चूक होतं असं नाही. ज्या घरात आहेराचं पाकीट भरणं जड जायचं तिथूनच बहुधा या टोपल्या यायच्या. पण हात रिकामा न ठेवता, मान खाली न घालता लग्नाकार्याला जाण्याची सोय या लोकरीनं आणि साबणानं किती घरांना करून दिली! त्या घरच्या बाईजवळ पैसे नव्हते, दुपारची दोन तासांची विश्रांती होती. तीच तिनं दिली. तिचं मोल कुणी लावलं नाही, हेही खरं.

आता उलट झालं आहे. पाकीट भरणं सोपं आणि दोन तास काढणं अवघड. म्हणूनच एखाद्या पोरानं लोकर गुंडाळून काही करून आणलं, तर त्याला ‘छान हं’ म्हणून कपाटात टाकू नका. ‘कशी केलीस?’ असं विचारा आणि तो सांगेल ते नीट ऐका.

साबण वर्षभरात आक्रसतो, टाचण्या गंजतात, वास उडून जातो. कुणाच्या घरी अजून अशी एखादी टोपली शाबूत असेल तर मला जरूर कळवा. कुणी केली होती आणि कुणासाठी, तेही सांगा.