बेकिंगमधील मापांचे रूपांतर

बेकिंगमधील मापांचे रूपांतर म्हणजे केक, पाव, बिस्किटे इत्यादी भट्टीत भाजावयाच्या पदार्थांच्या कृतीत दिलेली मापे एका पद्धतीतून दुसऱ्या पद्धतीत आणणे होय. अमेरिकी कृती कप, चमचे व अंश फॅरनहाइट यांत लिहिलेली असते. युरोपातील कृती ग्रॅम व अंश सेल्सिअसमध्ये, जुनी ब्रिटिश कृती पौंड-औंस व गॅस मार्कमध्ये, तर मराठी घरांतील कृती बहुधा वाटी व चमच्यात असते. आमटीत पाणी थोडे अधिक झाले तर ती उकळून आटवता येते. केक एकदा भट्टीत गेला की त्यात दुरुस्ती करता येत नाही. त्यामुळे नेहमीच्या स्वयंपाकापेक्षा बेकिंगमध्ये या रूपांतराला अधिक महत्त्व आहे.

== कप व चमचे ==

'कप' हे एकच माप नाही. अमेरिकेतील प्रचलित कप २३६.६ मिलिलिटरचा असतो. तेथील खाद्यपदार्थांच्या वेष्टनांवरील पोषणविषयक माहितीसाठी मात्र तो २४० मिलि धरतात. ऑस्ट्रेलिया व न्यूझीलंड येथील मेट्रिक कप २५० मिलिचा आहे. जपानमध्ये स्वयंपाकाचा कप २०० मिलिचा असून तांदूळ मोजण्याचे पारंपरिक 'गो' हे माप सुमारे १८० मिलिचे आहे. जुन्या ब्रिटिश पुस्तकांतील कप अर्ध्या पिंटाचा, म्हणजे सुमारे २८४ मिलिचा असतो.

चमच्यांत फरक कमी आहे. लहान चमचा (टीस्पून) जवळजवळ सर्वत्र ५ मिलिचा आणि मोठा चमचा (टेबलस्पून) १५ मिलिचा धरतात. अपवाद ऑस्ट्रेलियाचा. तेथील मोठा चमचा २० मिलिचा, म्हणजे चार लहान चमच्यांएवढा असतो. घरातील जेवणाचा किंवा चहाचा चमचा या हिशेबात धरू नये, कारण त्याचा आकार कारागिराच्या मर्जीवर ठरलेला असतो.

सपाट कप व सपाट चमचा यांचा आग्रह रूढ होण्यात अमेरिकी पाकशिक्षिका फॅनी फार्मर यांचा मोठा वाटा आहे. त्यांचे बोस्टन कुकिंग-स्कूलचे पाकपुस्तक १८९६ साली प्रसिद्ध झाले. त्यापूर्वीच्या कृतींत 'अक्रोडाएवढे लोणी' यासारखी मापे सर्रास आढळत.

== आकारमान आणि वजन ==

कप हे आकारमानाचे माप आहे व ग्रॅम हे वजनाचे. त्यामुळे 'एक कप म्हणजे किती ग्रॅम?' या प्रश्नाला पदार्थाचे नाव घेतल्याशिवाय उत्तर नाही. एका अमेरिकी कपात पुढील वजने साधारणपणे बसतात :

पाणी – २३७ ग्रॅम
दूध – २४४ ग्रॅम
मैदा – १२० ते १२५ ग्रॅम
दाणेदार साखर – २०० ग्रॅम
पिठीसाखर – ११५ ते १२० ग्रॅम
ब्राउन शुगर (दाबून भरलेली) – २१५ ग्रॅम
बटर – २२७ ग्रॅम
कोको पूड – ८५ ग्रॅम
मध – ३४० ग्रॅम

२५० मिलिच्या कपासाठी या आकड्यांत सुमारे ६ टक्के वाढ करावी.

यात सर्वांत बेभरवशाचा आकडा मैद्याचा आहे. मैदा चाळून, चमच्याने हलकेच कपात भरून वर सुरी फिरवली तर १२० ग्रॅम भरतो. तोच कप डब्यात खुपसून, दाबून काढला तर १४० ते १५० ग्रॅमपर्यंत जातो. तीन कपांच्या कृतीत हा फरक ६० ते ९० ग्रॅमचा, म्हणजे अर्ध्या ते पाऊण कपाचा होतो. केक कोरडा व घट्ट झाला की दोष भट्टीला दिला जातो. पुष्कळदा तो कप भरण्याच्या रीतीचा असतो. 'एक कप चाळलेला मैदा' आणि 'एक कप मैदा, चाळून' यांतही भेद आहे. पहिल्यात आधी चाळून मग मोजावयाचे, तर दुसऱ्यात आधी मोजून मग चाळावयाचे.

मिठाचेही असेच आहे. बारीक मिठाचा एक लहान चमचा सुमारे ६ ग्रॅमचा असतो, पण जाड खड्याचे मीठ त्याच चमच्यात बरेच कमी बसते.

== वाटी आणि जुनी मराठी मापे ==

धान्य मापून देण्याची रीत महाराष्ट्रात जुनी आहे. दोन चिपटी म्हणजे एक मापटे, दोन मापटी म्हणजे एक शेर आणि चार शेर म्हणजे एक पायली, असे कोष्टक अनेक भागांत रूढ होते. ही सर्व आकारमानाची मापे. त्यामुळे पायलीभर ज्वारी आणि पायलीभर पोहे यांचे वजन एक नसे. शेर मात्र मापाचाही होता आणि वजनाचाही. वजनाचा प्रमाण शेर ८० तोळ्यांचा, म्हणजे सुमारे ९३३ ग्रॅमचा होता. माप सपाट की शीग लावून, यावरून दुकानदार व गिऱ्हाईक यांच्यात वाद होत. फॅनी फार्मर यांनी कपाच्या बाबतीत सोडवलेला प्रश्न तो हाच. १९५६ च्या कायद्यानंतर, ऑक्टोबर १९५८ पासून भारतात दशमान वजने टप्प्याटप्प्याने लागू झाली. दुकानात किलोग्रॅम आला, पण स्वयंपाकघरात वाटी टिकून राहिली.

वाटी हे खरे तर माप नसून प्रमाण आहे. दोन वाट्या मैदा, एक वाटी पिठीसाखर व एक वाटी तूप अशी नानकटाईची कृती कोणत्याही आकाराच्या वाटीने जमते, कारण सर्व जिन्नस एकाच वाटीने मोजले जातात. अडचण येते ती संख्येने किंवा चमच्याने मोजायचे जिन्नस कृतीत आल्यावर. समजा, एका अमेरिकी कृतीत दोन कप मैदा, तीन अंडी व दोन लहान चमचे बेकिंग पावडर आहे आणि करणाऱ्याने कपाऐवजी १५० मिलिची वाटी वापरली. मैदा २४० ग्रॅमऐवजी सुमारे १५० ग्रॅम पडतो, पण अंडी तीनच राहतात व बेकिंग पावडर प्रमाणाच्या दीडपटीहून अधिक होते. असा केक प्रथम भराभर फुगतो व मग मध्यभागी खचतो. कृतीत सोडा असेल तर साबणासारखी चवही येते.

घरातील वाटीचे माप काढणे सोपे आहे. वाटी वजनकाट्यावर ठेवून काटा शून्यावर आणावा व ती काठोकाठ पाण्याने भरावी. जितके ग्रॅम भरतील तितके मिलिलिटर धरावेत.

== औंस, पौंड व स्टिक ==

एक पौंड ४५३.६ ग्रॅमचा व एक औंस २८.३५ ग्रॅमचा असतो. द्रव औंस हे निराळे, आकारमानाचे माप आहे. अमेरिकेत ते २९.६ मिलि, तर ब्रिटनमध्ये २८.४ मिलि आहे. अमेरिकी पिंट १६ द्रव औंसांचा (४७३ मिलि) आणि ब्रिटिश पिंट २० द्रव औंसांचा (५६८ मिलि) असतो. कप आठ द्रव औंसांचा, म्हणून आठ औंस मैदा म्हणजे एक कप, असा समज आढळतो. तो चुकीचा आहे. आठ औंस मैद्याचे वजन २२७ ग्रॅम, म्हणजे जवळजवळ दोन कप होते. अमेरिकी कृतीतील बटरची एक 'स्टिक' म्हणजे अर्धा कप, चार औंस किंवा ११३ ग्रॅम.

== अंडी व यीस्ट ==

अमेरिकेतील 'लार्ज' अंडे कवचाशिवाय सुमारे ५० ग्रॅमचे असते. युरोपीय वर्गवारीत 'मीडियम' अंडे कवचासह ५३ ते ६३ ग्रॅमचे असून तेच त्याच्या जवळचे आहे. अंडी लहान असतील तर ती फेटून वजन करून घेणे उत्तम. कोरड्या यीस्टची अमेरिकी पुडी ७ ग्रॅमची, म्हणजे सव्वादोन लहान चमच्यांची असते. ताजे यीस्ट वापरावयाचे झाल्यास इन्स्टंट यीस्टच्या सुमारे तिप्पट घ्यावे लागते.

== तापमान ==

फॅरनहाइटमधून ३२ वजा करून ५ ने गुणावे व ९ ने भागावे, म्हणजे सेल्सिअस मिळते. ३५० अंश फॅरनहाइट म्हणजे १७७ अंश सेल्सिअस. व्यवहारात ते १८० धरतात. ब्रिटिश गॅस मार्क ४ म्हणजेही हेच तापमान. त्यापुढील प्रत्येक अंकास २५ अंश फॅरनहाइट वाढवावेत. पंख्याची भट्टी असल्यास तापमान सुमारे २० अंश सेल्सिअसने कमी ठेवतात.

== भांड्याचा आकार ==

भांड्यांच्या बाबतीत व्यास नव्हे, तर क्षेत्रफळ पाहावे. आठ इंची (२० सेंमी) गोल भांड्याऐवजी नऊ इंची (२३ सेंमी) घेतले तर क्षेत्रफळ सुमारे २७ टक्क्यांनी वाढते. तेवढ्याच मिश्रणाचा थर पातळ होतो व केक लवकर भाजला जातो. आठ इंची चौरस भांडे मात्र नऊ इंची गोल भांड्याच्या जवळजवळ बरोबरीचे असते, आणि दोन्हींची उंची सारखी असल्यास एकाऐवजी दुसरे निर्धास्तपणे वापरता येते.