गुलाबाची छाट कलमे

गुलाबाच्या फांदीचा तुकडा मातीत रोवून, त्याला मुळे फुटू देऊन नवे झाड तयार करण्याची पद्धत. तिला फाटे कलम असेही म्हणतात. बागेतले बहुतेक गुलाब संकरित असल्याने बियांपासून आलेले रोप मूळ झाडासारखे निघत नाही. छाट कलमातून मात्र त्याच रंगाचे, त्याच वासाचे झाड मिळते.

रोपवाटिकांत मिळणारे गुलाब बहुधा डोळा भरून केलेले असतात, म्हणजे मुळे एका जोमदार खुंटाची आणि वरचे झाड हव्या त्या वाणाचे. भारतात खुंटासाठी एडवर्ड हा गुलाब बराच वापरला गेला. तो बूर्बाँ गटातला. हिंदी महासागरातल्या रेयुनियाँ बेटाचे जुने नाव बूर्बाँ. तिथे चिनी आणि दमास्क गुलाबांच्या संकरातून एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी हा गट पुढे आला. हे खुंटही छाट कलमांनीच वाढवले जातात. घरी मात्र डोळा भरण्याचे कसब लागत नाही. गावठी सुगंधी गुलाब, वेली गुलाब आणि कुंडीतले लहान फुलांचे मिनिएचर गुलाब फाट्यापासून सहज लागतात. हायब्रिड टी गटातल्या मोठ्या फुलांच्या वाणांचे यश वाणागणिक बदलते, आणि मुळे फुटली तरी त्यांतली काही झाडे स्वतःच्या मुळांवर अशक्तच राहतात.

फांदीची निवड सर्वांत महत्त्वाची. नुकतेच फूल गळून गेलेली, पेन्सिलीएवढ्या जाडीची, अर्धवट पक्व फांदी घ्यावी. लवलवता कोवळा शेंडा कुजतो. जुन्या, राखाडी लाकडाला मुळे फुटायला फार वेळ लागतो. काळे पडत खाली उतरणारे टोक हे शेंडेमर रोगाचे लक्षण असल्याने तशी फांदी टाळावी. तुकडा १५ ते २० सेंमी. लांब आणि तीन-चार डोळ्यांचा असावा. खालचा काप डोळ्याच्या लगेच खाली तिरका, वरचा डोळ्याच्या किंचित वर सरळ घेतात; त्यामुळे वरखाली ओळखता येते. ते महत्त्वाचे आहे, कारण मुळे फोडणारे ऑक्सिन हे संजीवक फांदीत वरून खाली वाहते आणि बुडख्याशी साठते. उलटा रोवलेला फाटा सहसा लागत नाही. वरची एक-दोन पाने अर्धी कापून ठेवावीत, बाकीची काढावीत. बुडखा इंडोल ब्युटिरिक आम्ल असलेल्या मुळे फुटण्याच्या पावडरीत बुडवल्यास अवघड वाणांना मदत होते. गावठी गुलाबाला तिची गरज नसते. फाटा बटाट्यात खोचून पुरण्याची युक्ती हल्ली फार सांगितली जाते. तिची शिफारस करता येत नाही: फाटा बटाट्यातून अन्न घेत नाही, उलट बटाटा सडला की बुडखाही सडतो.

माध्यम निचऱ्याचे हवे. जाड वाळू आणि कोकोपीट समप्रमाणात घेतले की पुरते. या टप्प्यावर शेणखत नको. दोन डोळे मातीत जातील इतका फाटा रोवून भोवतीची माती दाबावी आणि कुंडी उजेडाच्या, पण थेट ऊन न लागणाऱ्या जागी ठेवावी. मुळांवाचून पाणी ओढता येत नाही आणि पानांतून ते उडत राहते. म्हणून वरून पारदर्शक पिशवी किंवा बूड कापलेली प्लास्टिकची बाटली घालून हवा दमट राखतात. महाराष्ट्रात पावसाळ्यात ही आर्द्रता फुकट मिळते. ऑक्टोबरच्या छाटणीतून निघालेल्या निरोगी फांद्याही उपयोगी पडतात. एप्रिल-मेचा कडक उन्हाळा टाळावा.

बहुतेक फाटे पुढच्या टप्प्यावर वाया जातात. दोन-तीन आठवड्यांत डोळे फुटतात, तांबूस पालवी येते, आणि झाड लागले असे समजून आच्छादन काढले जाते किंवा कुंडी उन्हात नेली जाते. ही पालवी बहुधा फांदीत साठलेल्या अन्नावर आलेली असते. बुडख्याशी तोवर जखम भरून काढणारा पांढरट पेशींचा गोळा, म्हणजे किण, तयार झालेला असतो. खरी मुळे अजून यायची असतात. ती साधारण चार ते आठ आठवड्यांत येतात. फाटा उपटून पाहणे पूर्ण वर्ज्य, कारण कोवळी मुळे लगेच तुटतात. पालवी टवटवीत राहून पानांची दुसरी फेरी येऊ लागली, किंवा कुंडीच्या छिद्रातून पांढरे मूळ डोकावले, की खात्री धरावी. मग आच्छादन काही दिवसांत थोडे थोडे सैल करावे.

मुळे धरलेले रोप पोयटा माती, कुजलेले शेणखत आणि वाळूच्या मिश्रणात हलवतात आणि हळूहळू उन्हाची सवय लावतात. पहिल्या कळ्या खुडाव्यात, म्हणजे जोर मुळांकडे जातो. अशा झाडाला खुंट नसल्याने बुडातून येणारा प्रत्येक फुटवा त्याच वाणाचा असतो. डोळा भरलेल्या झाडावर मात्र जोडाखालून येणारे खुंटाचे फुटवे वेळीच काढावे लागतात, नाहीतर काही वर्षांत वरचा गुलाब मागे पडून खुंटच माजतो.