चौरसाचे क्षेत्रफळ आणि मळखेडचे महावीराचार्य

वाचकहो, कलबुर्गीहून सेडमच्या रस्त्याने निघालात की सुमारे ४० किलोमीटरवर कागिणा नदीच्या काठी मळखेड लागते. पडका किल्ला, नेमिनाथांची बसदी आणि भोवती तुरीची शेते, एवढेच आज तेथे दिसते. हेच राष्ट्रकूटांचे मान्यखेट. आमच्या जैन घरांतून दर्शनासाठी तेथे जाण्याची रीत आहे. मी मात्र या लेखात तुम्हाला मळखेडला नेणार आहे ते एका शाळकरी गणितासाठी. ते गणित असे: चौरसाचे क्षेत्रफळ कसे काढावे?

मी व्यवसायाने होमिओपॅथीचा डॉक्टर. गणित किंवा इतिहास हा माझ्या पदवीचा विषय नव्हे. पण सातवीत असताना या गणिताने मला एकदा तोंडघशी पाडले, आणि त्याचा भुर्दंड माझ्या वडिलांना भरावा लागला. ती हकीकत पुढे येईलच. आधी इतिहास पाहू.

इ.स. ८१४ पासून सुमारे सहा दशके मान्यखेटच्या गादीवर अमोघवर्ष नृपतुंग होता. ‘कविराजमार्ग’ हा कन्नडमधला उपलब्ध असलेला सर्वांत जुना ग्रंथ त्याच्याच दरबारातला. आदिपुराणकार जिनसेनाचार्य हे त्याचे गुरू. याच राजाच्या काळात, इ.स. ८५० च्या सुमारास, महावीराचार्यांनी ‘गणितसारसंग्रह’ हा संस्कृत ग्रंथ रचला. ग्रंथारंभी त्यांनी तीर्थंकर महावीरांना वंदन केले आहे, नृपतुंगाची स्तुती केली आहे आणि मग गणिताची. लौकिक, वैदिक, सामायिक असा कोणताही व्यवहार गणितावाचून चालत नाही, असे ते सांगतात. त्यांच्या आधीच्या ग्रंथांतून गणित हे बहुधा ज्योतिषाचे एक प्रकरण म्हणून येई. महावीराचार्यांचा ग्रंथ मात्र निव्वळ गणिताचा आहे. त्यात व्यापारी, सोनार आणि शेतकरी यांना पडणारे प्रश्न आहेत.

या ग्रंथातला एक भाग क्षेत्रगणिताचा. क्षेत्र म्हणजे शेत, आणि त्याचे फळ ते क्षेत्रफळ. आमच्या सीमाभागात मराठी शाळेतले मूल ‘क्षेत्रफळ’ म्हणते आणि शेजारच्या कन्नड शाळेतले ‘विस्तीर्ण’ म्हणते. दोन्ही शब्द संस्कृतातलेच, पण पहिल्याला मातीचा वास आहे. महावीराचार्यांनी क्षेत्राचे १६ प्रकार मांडले: त्रिकोण ३, चौकोन ५ आणि वर्तुळासारखे वाकलेले ८. चौकोनांत पहिला आला तो सम, म्हणजे चारही बाजू सारख्या असलेला.

पुढे ते एक महत्त्वाचा भेद करतात. क्षेत्रफळ काढण्याच्या रीती दोन: एक व्यावहारिक, दुसरी सूक्ष्म. व्यावहारिक रीत सोपी आहे. समोरासमोरच्या दोन बाजूंची बेरीज करून निम्मी करा, उरलेल्या दोन बाजूंचेही तसेच करा आणि दोन्ही आकडे गुणा. ही रीत फार जुनी. ब्रह्मगुप्ताने इ.स. ६२८ मध्ये ती ‘स्थूल’ म्हणून दिली आहे. इजिप्तमध्ये एडफू येथील देवळाच्या भिंतींवर टॉलेमी राजांच्या काळातल्या जमिनींच्या नोंदी कोरलेल्या आहेत. त्यांतही चौकोनी शेतांचे हिशेब याच रीतीने केलेले आढळतात. जगभरच्या कारकुनांना ती आवडली यात नवल नाही, कारण दोरी घेऊन चार धुऱ्यांवरून फिरून आले की काम संपते. शेतात उभे पीक असले तरी आत पाय टाकावा लागत नाही.

आता ही रीत चौरसाला लावून पाहू. आपल्याकडे त्यासाठी घरचेच माप आहे, ते म्हणजे गुंठा. निजामी राज्यात एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात सालारजंगांच्या कारभारात जमिनीची पद्धतशीर मोजणी सुरू झाली, ती मुंबई इलाख्याच्या धर्तीवर. त्या पद्धतीत मोजणीची साखळी ३३ फुटांची. एक साखळी लांब आणि एक साखळी रुंद असा चौरस म्हणजे एक गुंठा. ३३ गुणिले ३३, म्हणजे १,०८९ चौरस फूट. असे ४० गुंठे म्हणजे एक एकर, ४३,५६० चौरस फूट. म्हणजे आपल्या सातबाऱ्यातला किंवा पहाणीतला प्रत्येक आकडा मुळात चौरसांचीच मोजदाद आहे.

घरातल्या मुलाला हे समजावताना मी कागदावर साखळीच्या रेघा ओढतो. दोन साखळ्या बाजूचा चौरस घेतला तर त्यात एकेका ओळीत दोन गुंठे आणि अशा दोन ओळी, म्हणून चार गुंठे. तीन साखळ्यांची बाजू घेतली तर नऊ गुंठे. बाजू दुप्पट केली की क्षेत्रफळ दुप्पट होत नाही, चौपट होते. ‘बाजूचा वर्ग’ हे सूत्र पाठ असूनही मुले येथे चुकतात. ओळी मोजून दाखवल्या की चुकत नाहीत. व्यावहारिक रीतही चौरसाला हेच उत्तर देते, कारण समोरासमोरच्या बाजूंची सरासरी म्हणजे पुन्हा तीच बाजू. चौरस आणि आयत यांच्यापाशी स्थूल आणि सूक्ष्म यांत भांडण नाही. भांडण सुरू होते ते पुढे, शेतात.

आता ती हकीकत. माझ्या लहानपणी वडिलांनी ओढ्याच्या कडेची एक पट्टी विकत घ्यायचे ठरवले. मोठ्या सर्व्हे नंबरातला तो तुकडा. तो घेणाऱ्याने आणि देणाऱ्याने मिळून, चार माणसांदेखत मोजला. धुऱ्याकडची बाजू सहा साखळ्या, समोरची ओढ्याकडची सहा; इकडची आडवी पाच, तिकडची पाच. कोणी लबाडी केली नाही, साखळी कोणी ढिली सोडली नाही. मी नुकताच शाळेत चौरस आणि आयत शिकलो होतो. वडिलांनी सर्वांसमोर मला विचारले, ‘बाळ, किती झाले?’ मी छाती फुगवून सांगितले, ‘तीस गुंठे.’ वडील माझ्याकडे पाहून हसले आणि तीस गुंठ्यांचे पैसे मोजून दिले.

पुढे काही वर्षांनी भावाभावांत वाटणी निघाली तेव्हा मोजणीदार आला. त्याने धुऱ्यावरून न फिरता शेतात शिरून एका कोपऱ्यापासून समोरच्या कोपऱ्यापर्यंत साखळी टाकली. तो कर्ण पाच साखळ्या भरला. मग त्याने कागद काढला आणि आकडा सांगितला: चोवीस गुंठे. सहा गुंठे, म्हणजे पाचांतला एक भाग, कोठेच नव्हता. तो कधी नव्हताच. पट्टी ओढ्याच्या कलाने तिरपी गेलेली होती. आडव्या बाजू पाच साखळ्यांच्या खऱ्या, पण दोन लांब बाजूंमधले सरळ अंतर चारच साखळ्या. सहा गुणिले चार, चोवीस. वडील मला एक शब्दही बोलले नाहीत. पण त्यानंतर जमिनीचा हिशेब त्यांनी मला कधी विचारला नाही.

वाचकहो, कागदावर चार काड्यांचा चौकोन करून पाहा. कोपऱ्यांना टाचण्या लावा आणि एका बाजूने दाबा. काड्यांची लांबी तीच राहते, पण आतली जागा कमी कमी होत जाते आणि शेवटी चारही काड्या एकमेकींवर येऊन बसतात. व्यावहारिक रीतीला याचा पत्ताच लागत नाही, कारण ती काड्याच मोजते. शिवाय ही रीत चुकते ती नेहमी एकाच दिशेने. काटकोनी चौकोनात ती बरोबर असते आणि बाकी सर्व चौकोनांत ती खऱ्यापेक्षा जास्तच क्षेत्रफळ दाखवते, कमी कधीच नाही. म्हणजे ज्या राज्यात सारा या रीतीने आकारला जाईल तेथे वाकड्या शेताचा धनी नसलेल्या जमिनीचाही सारा भरणार, आणि घेणारा नसलेल्या जमिनीचे पैसे मोजणार. आपल्या भागातल्या जुन्या कन्नड शिलालेखांतून दान दिलेली जमीन मत्तरांत सांगितलेली असते, आणि कोणत्या काठीने मोजली तेही पुष्कळदा नोंदलेले असते. काठीबद्दल एवढी दक्षता होती, कारण मापात पोटाचा प्रश्न होता. पण काठी खरी असूनही रीत खोटी असू शकते.

महावीराचार्यांनी सूक्ष्म म्हणून काय दिले? त्यांनी दोन मार्ग सांगितले. पहिला ब्रह्मगुप्ताचा: चारही बाजूंच्या बेरजेच्या निम्म्यातून एकेक बाजू वजा करा, आलेले चार आकडे गुणा आणि वर्गमूळ काढा. दुसरा: वरची आणि खालची बाजू यांच्या बेरजेच्या निम्म्याला लंबाने गुणा. मात्र विषम चौकोनाला हा दुसरा मार्ग लागू नाही, असे त्यांनी तेथेच बजावले आहे. आमच्या पट्टीला पहिला मार्ग लावून पाहा. बेरजेचे निम्मे ११, वजाबाकी करून ६, ५, ६, ५, गुणाकार ९००, वर्गमूळ ३०. म्हणजे सूक्ष्म म्हणवणारे सूत्रही माझ्याइतकेच फसले! कारण ते सूत्र ज्या चौकोनाचे चारही कोपरे एका वर्तुळावर बसतात त्यालाच लागू पडते, आणि ही अट तेथे सांगितलेली नव्हती. दुसरा मार्ग, लंबाचा, मात्र बरोबर चोवीस देतो.

ही उणीव नेमकी पकडली भास्कराचार्यांनी. इ.स. ११५० च्या ‘लीलावती’त ते म्हणतात की केवळ चार बाजूंवरून चौकोनाचे क्षेत्रफळ ठरत नाही, एखादा कर्ण किंवा लंब कळला पाहिजे. तो न सांगता प्रश्न विचारणाऱ्याला त्यांनी पिशाच म्हटले आहे, आणि उत्तर देणाऱ्याला तर त्याहूनही मोठे. सातवीतला मी त्याच जातीचा. त्यांचे उदाहरण मुलांना अवश्य करायला द्यावे. चारही बाजू २५ असलेले तीन चौकोन घ्या. कर्ण ३० आणि ४० असतील तर क्षेत्रफळ ६००. कर्ण १४ आणि ४८ असतील तर ३३६. दोन्ही कर्ण सारखे असतील तर ६२५, आणि तोच चौरस. बाजू तिघांच्याही त्याच. माझ्या दवाखान्यात चार तक्रारी अगदी सारख्या सांगणारे दोन रोगी येतात आणि दोघांचे औषध वेगळे निघते, तसाच हा प्रकार.

तरीही महावीराचार्यांना नावे ठेवण्याचे कारण नाही. वर्गमूळाचे तेच सूत्र त्यांनी त्रिकोणालाही दिले आहे आणि त्रिकोणात ते कधीही चुकत नाही. तीन काड्यांना टाचण्या लावल्या की त्या दाबल्या जात नाहीत. मोजणीदाराने पाचाचा कर्ण टाकून आमच्या पट्टीचे दोन त्रिकोण केले, प्रत्येकाच्या बाजू ५, ५, ६. बेरजेचे निम्मे ८, मग ८ गुणिले ३ गुणिले ३ गुणिले २, म्हणजे १४४, वर्गमूळ १२. दोन त्रिकोणांचे चोवीस. मोजणीदारांची शंकू-साखळीची पद्धतही लंबावरच उभी आहे. शेतातून एक मूळ रेषा टाकायची, शंकूने काटकोन साधून कडेपर्यंतचे लंब मोजायचे आणि टिपणात नोंदायचे. मान्यखेटच्या काळात सांगितलेला अवलंब आजही आमच्या टिपणांत आहे.

ग्रंथाचा पुढला प्रवासही जाणून घेण्यासारखा आहे. अकराव्या शतकात पावुलूरी मल्लनाने तो तेलुगूत उतरवला. १९१२ मध्ये मद्रासहून एम. रंगाचार्य यांनी इंग्रजी भाषांतरासह मूळ संहिता छापली. १९६३ मध्ये आपल्या सोलापूरच्या जीवराज जैन ग्रंथमालेतून लक्ष्मीचंद्र जैन यांचे हिंदी भाषांतर आले, आणि २००० मध्ये पद्मावतम्मा यांचे कन्नड भाषांतर होंबुजहून प्रसिद्ध झाले. तेलुगू, हिंदी, कन्नड या तिन्ही भाषा आमच्या बिदर-कलबुर्गीच्या बाजारात रोज कानावर पडतात. आता यातला क्षेत्रगणिताचा भाग सुबोध मराठीत, आपल्या सीमाभागातल्या शाळांसाठी, कोणी आणील काय?

शिक्षकांना आणि आजी-आजोबांना माझी एवढीच विनंती. चौरसाचे क्षेत्रफळ शिकवताना ‘बाजूचा वर्ग’ पाठ करून घेण्याआधी मुलाला हा चौरस आहे कशावरून, हे विचारा. चारही बाजू सारख्या आहेत, असे तो सांगेल. मग त्याला गवंड्याकडे न्या. गवंडी पाया आखताना एका कोपऱ्यापासून दोरीवर तीन हात आणि दुसरीवर चार हात मोजतो, आणि त्या खुणांमधले तिरपे अंतर पाच हात भरले तरच कोपरा गुण्यात आहे म्हणतो. तीन, चार, पाच. आमच्या ओढ्याकाठच्या पट्टीत हेच तीन आकडे लपलेले होते आणि मला ते दिसले नाहीत. माझ्या नातवाला ते दिसतात. परवा त्याने अंगणातल्या ओट्याचे माप घेतले, आणि बाजू मोजायच्या आधी त्याने कोपरा तपासला.