ॲम्बेसेडरचा दुसरा पंखा

१९९१ साली आमच्या घरी ॲम्बेसेडर आली तेव्हा ती चौदा वर्षांची होती आणि मी सोळा. मार्क थ्री, पेट्रोलवरची, मूळचा पांढरा रंग पिवळट पडलेला. बाबांनी दोन हंगामांच्या कपाशीचे पैसे आणि आईच्या पाटल्या घालून ती घेतली. आमचं गाव बुटीबोरीपासून थोडं आत, रेल्वेच्या पलीकडे. गावात ट्रॅक्टर होते, राजदूत होत्या, लुना होत्या, पण टपाची गाडी ही एकच. त्यामुळे ती आमची कमी आणि गावाची जास्त. लग्नाला, पोरगी पाहायला, तेरवीला, आणि मुख्य म्हणजे दुखण्याखुपण्याला. रात्री कडी वाजली की आई आधी खुंटीवरचा बाबांचा सदरा काढायची, मग विचारायची, कोन आहे.

गाडी भक्कम होती, पण जन्मानं इथली नव्हती. इंग्लंडातल्या मॉरिस ऑक्सफर्डचा साचा आणून हिंदुस्थान मोटर्सनं बंगालात उत्तरपाड्याला १९५७ पासून ती काढायला सुरुवात केली, आणि २०१४ साली कारखाना थांबेपर्यंत तिचा चेहरा फारसा बदलला नाही. आमच्याकडचं ऊन तिच्या माहेरी कोणी पाहिलेलं नसावं. नागपूरला २०१३ च्या मे महिन्यात पारा ४७.९ वर गेला होता. पंचेचाळीस-सेहेचाळीसचं तर आम्ही कौतुकही करत नाही, नुसता दुपट्टा कानाला बांधतो. अशा दिवसांत ॲम्बेसेडरच्या डिकीत दोन गोष्टी कायम असायच्या: पाण्याची पाच लिटरची कॅन, आणि पेट्रोलच्या पंपावर टाकायचं ओलं फडकं.

तिची अडचण समजायला मिस्त्री असण्याची गरज नाही. इंजिनच्या तोंडाशी एक पट्टा. तोच पट्टा डायनमो फिरवतो, तोच पाण्याचा पंप फिरवतो, आणि पंपाच्याच कण्यावर लोखंडी पंखा बसवलेला. इंजिन पळालं की पंखा पळतो, इंजिन सुस्तावलं की पंखाही सुस्तावतो. गाडी रस्त्यानं धावत असते तेव्हा समोरचा वारा आपोआप जाळीतून शिरतो, पंख्याचं फारसं काम नसतं. काम असतं गाडी उभी असताना, आणि नेमका तेव्हाच तो पेंगतो. हे काही एकट्या ॲम्बेसेडरचं दुखणं नव्हे. त्या पिढीच्या बहुतेक गाड्या अशाच.

आणि गाडीला पाणी पाजण्याची गोष्ट तर गाडीइतकीच जुनी. १८८८ च्या ऑगस्टात जर्मनीतल्या बर्था बेंझ नवऱ्याला न सांगता दोन पोरं घेऊन त्यानंच बनवलेल्या तीनचाकीवर मानहाइमहून फोर्त्सहाइमला, माहेरी निघाल्या. शंभरेक किलोमीटर. त्या इंजिनातलं पाणी उकळून वाफ होऊन उडूनच जायचं, म्हणून वाटेत मिळेल तिथं पाणी भरत त्या गेल्या. पुढे १९०० च्या सुमारास विल्हेल्म मायबाखनं मधाच्या पोळ्यासारखा रेडिएटर आणि त्यामागे पंखा अशी जोडी बसवली. ही गोष्ट मी नंतर कधीतरी बाबांना सांगितली. ते म्हणाले, "म्हंजे त्या बाईच्या गाडीतही कॅन होती!"

आता १९९६ चा मे. दुपारचे दोन वाजले असतील. शेजारच्या काकूंच्या सुनेला कळा सुरू झालेल्या, दाईनं हात टेकले, नागपूरला मेडिकलला न्या म्हणाली. बाबांनी गाडी काढली. पुढे मी, मागे सून, काकू आणि दाई. फाटकापर्यंत पोचलो तर फाटक बंद. ही लाइन साधी नव्हे. वर्धा ते नागपूर या पट्ट्यात मुंबई-हावडा आणि दिल्ली-मद्रास असे दोन्ही मोठे रस्ते एकाच रुळांवर येतात, वरून चांद्याकडचा कोळसा. एक मालगाडी गेली, फाटक उघडलं नाही. दुसरी यायची होती.

इंजिन बंद करावं तर उन्हात पेट्रोलची वाफ धरते, गाडी पुन्हा सुरू व्हायची खात्री नाही. चालू ठेवावं तर ती तापते. बाबांनी चालू ठेवलं. पाच-सात मिनिटांत बॉनेटखालून शिट्टीसारखा आवाज आणि वाफ. मागून सुनेचं ओरडणं. बाबांसारखा जाणता माणूस, पण घाबरला. फडक्यानं झाकण धरून फिरवलं, आणि उकळतं पाणी मनगटापासून कोपरापर्यंत अंगावर आलं.

सुनेला मागच्या एका टेम्पोत हलवलं. मुलगी झाली, टेम्पोतच, वर्धा रोडवर, नागपूर यायच्या आधी. दोघी सुखरूप राहिल्या. बाबांच्या हाताची साल गेली ती महिनाभर आली नाही. पण खरं नुकसान वेगळंच झालं. त्यांनी घरात सांगून टाकलं, "आता उन्हाळ्यात पेशंट नाई. लोकाचा जीव माह्या गाडीत नाई पाह्यजे मले." दोनदा लोक येऊन परत गेले. आई त्या रात्री जेवली नाही.

मी तेव्हा आयटीआयची इलेक्ट्रिशियनची परीक्षा पास होऊन बुटीबोरी एमआयडीसीत एका कारखान्यात लागलो होतो. तो भाग नुकताच भरू लागला होता. जिथे तूर आणि कपाशी पाहिली तिथे पत्र्याच्या शेडी उभ्या राहत होत्या. कारखान्याच्या गेटबाहेर साहेबांच्या मारुती ८०० लागायच्या आणि त्यांच्याकडे पाहत असताना एक दिवस डोक्यात प्रकाश पडला. बंद गाडीचा पंखा फिरत होता.

मारुती १४ डिसेंबर १९८३ ला आली. तिचं इंजिन आडवं बसवलेलं, म्हणजे पट्ट्याचं तोंड चाकाकडे, रेडिएटर मात्र समोर. पट्ट्यानं पंखा फिरवायची सोयच नाही. म्हणून तिला विजेचा पंखा दिला. गरजेपोटी केलेली गोष्ट, पण त्यामुळे पंखा इंजिनच्या वेगापासून सुटला. फाटकात उभं असतानाही तो पुऱ्या जोरानं फिरणार. आम्हाला हेच हवं होतं.

नागपुरात कबाड्याकडे हायवेवर चेपलेली एक ८०० मिळाली. तोंड शाबूत, मागची बाजू गेलेली. पंखा, त्याची चौकट आणि पाण्यात बसणारा थर्मोस्विच मिळून अडीचशे रुपये. बाबांनी पंखा उलटापालटा करून पाहिला. "प्लास्टिकचा हाये. अन् मेलेल्या गाडीचा." एवढं बोलून ते गेले, पण नाही म्हणाले नाहीत.

पुढच्या चुका माझ्या. मी शिकलेलो घरगुती अन् कारखान्याच्या विजेवर. घरात २३० व्होल्टवर शंभर वॉटला अर्धा अँपिअरसुद्धा लागत नाही. गाडीत बारा व्होल्ट. तेवढ्याच वॉटला आठ-नऊ अँपिअर, आणि सुरू होताना त्याहून जास्त. हे मी परीक्षेत लिहिलं होतं, हाताला माहीत नव्हतं. घरातल्या दिव्याची बारीक वायर आणि भिंतीवरचं बटन लावून पंखा सुरू केला. पाच मिनिटांत बटन मऊ झालं, घरभर वास. बाबा ओट्यावरून म्हणाले, "कारखान्यात हेच करतं का बे?"

बुटीबोरीच्या चौकात गाड्यांची वायरिंग करणारे एक चाचा होते. त्यांनी माझं बटन पाहिलं, हसले नाहीत, आणि एक काळी डबी हातावर ठेवली. रिले. खाली चार पाय, त्यांवर आकडे: ३०, ८५, ८६, ८७. हे आकडे जर्मन पद्धतीचे, जगभर तेच. ८५ आणि ८६ मध्ये छोटीशी वीज जाते, आत लोहचुंबक तयार होतो, तो ३० आणि ८७ ची गाठ मारतो. मोठी वीज बॅटरीतून जाड वायरनं सरळ पंख्याला, बटनाला फक्त इशारा द्यायचा. "मुकादम जैसा है," चाचा म्हणाले, "खुद बोझा नहीं उठाता." बॅटरीजवळ वीस अँपिअरचा फ्यूज टाकल्याशिवाय त्यांनी मला जाऊ दिलं नाही.

लोखंडी पंखा काढायला बाबा तयार नव्हते आणि ते बरोबरही होतं. म्हणून विजेचा पंखा रेडिएटरच्या पुढे, जाळीमागे बसवला. पण मारुतीत तो मागून हवा ओढतो, आम्हाला पुढून ढकलायची होती. सुरू करून जाळीवर वर्तमानपत्राचं पान धरलं. चिकटायच्या ऐवजी ते उडून शेणाच्या ढिगावर. म्हणजे लोखंडी पंखा हवा आत ओढतोय, नवा बाहेर फेकतोय, दोघांचं भांडण. वायरी उलटवल्या. पान चिकटलं, पण जेमतेम, कारण पात्यांची वळणं एकाच दिशेसाठी घडवलेली असतात. पातं काढून पालथं घातलं, वायरी तशाच उलट्या ठेवल्या, तेव्हा पान जाळीला असं बसलं की आईनं ओढून पाहिलं.

आणि मग डायनमोनं हात वर केले. जुन्या डायनमोची ताकद मुळात वीस-बावीस अँपिअर, तीही इंजिन जोरात असताना. गाडी उभी असली की जवळजवळ शून्य, लाल दिवा लुकलुकतो. म्हणजे पंख्याची गरज तेव्हाच वीज नाही, सगळं बॅटरीतून. दोन रात्रींत बॅटरी झोपली, गाडी अर्ध्या गावानं ढकलली. उपाय होता अल्टरनेटर, तो सुस्त इंजिनवरही वीज देतो. अमेरिकेत क्रायसलरनं तो १९६० मध्येच व्हॅलियंट गाडीला दिला होता, आमच्या घरी १९९७ च्या मार्चमध्ये पोचला, तोही जुना, माझ्या एका पगारात. पंख्याचे अडीचशे आणि त्याच्यापायी हे, असा तो हिशेब.

शेवटचं काम थर्मोस्विचचं. रेडिएटरवाल्यानं वरच्या टाकीच्या तळाशी पितळी बुश बसवून कथलाचा डाक मारला. वर बसवलं असतं तर पाणी कमी झाल्यावर स्विच वाफेत उघडा पडला असता. पाणी नव्वदीच्या जवळपास गेलं की पंखा आपसूक सुरू. मला वाटलं काम संपलं. बाबा म्हणाले, "अन् त्यानं नाई आयकलं तं? मले बटन पाह्यजे." रिलेला दुसरा इशारा जोडून स्टेअरिंगखाली एक बटन दिलं.

त्याच मे महिन्यात एका म्हाताऱ्याला ऊन लागलं. वर्षभरात पहिल्यांदा बाबांनी भर दुपारी गाडी काढली. फाटक बंद. इंजिन चालू. म्हातारबुवा मागे गप्प, त्यांचा मुलगा कपाळावर ओला पंचा धरून. कोळशाच्या वाघिणी जात होत्या, मी मोजत होतो. मग बॉनेटखालून भर्रकन आवाज सुरू झाला. बाबांनी माझ्याकडे पाहिलं नाही. मिनिटभर ऐकत राहिले आणि मग हळूच खाली हात नेऊन बटनही दाबलं. त्यानं काही फरक पडणार नव्हता, पंखा आधीच फिरत होता.

२००८ मध्ये गाडी विकली तेव्हा घेणाऱ्यानं स्टेअरिंगखाली वाकून विचारलं, हे बटन कायचं?

"फाटकाचं," बाबा म्हणाले.