स्नेक आइज: रंगाचा खर्च वाचवताना जन्मलेला मुका कमांडो

जुगाराच्या टेबलावर दोन फासे टाकले आणि दोन्हींवर एकेकच ठिपका आला, की अमेरिकेत त्याला 'स्नेक आइज' म्हणजे सापाचे डोळे म्हणतात. हेच नाव हॅस्ब्रो या खेळणी कंपनीच्या 'जी. आय. जो' मालिकेतील एका कमांडोला मिळाले. डोक्यापासून पायापर्यंत काळा पोशाख, झाकलेला चेहरा, तोंडातून एक शब्द नाही. खरे नाव आजतागायत गुप्त. तरीही हा या मालिकेतील सर्वांत लोकप्रिय सैनिक आहे.

'जी. आय. जो' मूळचा १९६४ चा. तेव्हा तो साधारण १२ इंच उंचीचा, कापडी गणवेश घालता-काढता येणारा बाहुला होता. मुलगे 'बाहुली' म्हटले की हात लावणार नाहीत, म्हणून हॅस्ब्रोने त्यासाठी 'ॲक्शन फिगर' हा नवा शब्द रुळवला. व्हिएतनाम युद्धानंतर लष्करी खेळण्यांची हवा ओसरली आणि १९७० च्या दशकाच्या उत्तरार्धात हा मोठा जो बंद पडला. दरम्यान 'स्टार वॉर्स'च्या पावणेचार इंची बाहुल्यांनी बाजार काबीज केला होता. लहान आकारामुळे प्लास्टिक कमी लागते, आणि मुख्य म्हणजे त्या मापाची वाहने, रणगाडे, विमानेही विकता येतात. हॅस्ब्रोने तेच माप घेऊन १९८२ मध्ये 'जी. आय. जो' पुन्हा आणला. या वेळी तो एकटा सैनिक नव्हता, तर वेगवेगळ्या माणसांचे अख्खे पथक होते.

या पथकात स्नेक आइज आला तो काटकसरीमुळे. एवढ्याशा बाहुल्यावर कातडीचा रंग, केस, पट्टे, खिसे हे सगळे वेगवेगळे रंगवावे लागते आणि प्रत्येक रंगाबरोबर खर्च चढतो. पहिल्या वर्षाच्या अंदाजपत्रकात कुठेतरी हात आखडता घेणे भाग होते. उपाय निघाला तो असा: एक बाहुला नुसत्या काळ्या प्लास्टिकमध्ये ओतायचा आणि त्याला रंगाचा एक थेंबही लावायचा नाही. सोबत एक छोटी उझी बंदूक आणि स्फोटकांची पिशवी दिली, की झाला कमांडो.

हा कोरा बाहुला लॅरी हामा यांच्याकडे गेला. मार्व्हल कॉमिक्समध्ये काम करणारे हामा जपानी वंशाचे अमेरिकन आणि स्वतः लष्करात सेवा केलेले. खेळण्याच्या खोक्यामागे छापली जाणारी सैनिकांची माहितीपत्रे तेच लिहीत. इतरांच्या पत्रावर गाव, शिक्षण, हुद्दा असे. स्नेक आइजच्या पत्रावर नाव आणि जन्मस्थळ दोन्ही गोपनीय. चेहरा नाही हेच त्यांनी त्याचे वैशिष्ट्य केले.

मार्व्हलचे कॉमिकही हामाच लिहीत होते. अमेरिकेत टीव्हीवरील खेळण्यांच्या जाहिरातीत ॲनिमेशन किती दाखवायचे यावर बंधने होती. पुस्तकाच्या जाहिरातीवर तशी नव्हती. त्यामुळे हॅस्ब्रोने पैसे घालून कॉमिकच्याच ॲनिमेटेड जाहिराती केल्या. दुकानात खप वाढला तो अर्थातच बाहुल्यांचा.

१९८४ च्या २१ व्या अंकात हामांनी एक धाडस केले. संपूर्ण अंकात एकही संवाद नाही, आवाज दाखवणारा शब्दही नाही. शत्रूच्या किल्ल्यातून सहकारी स्कार्लेटला सोडवायला स्नेक आइज जातो, पांढऱ्या वेषातील निन्जा स्टॉर्म शॅडोशी त्याची गाठ पडते, आणि शेवटच्या चित्रात कळते की दोघांच्या हातावर एकच गोंदण आहे.

या गोंदणाचा उलगडा पुढच्या अंकांत होतो. दोघे व्हिएतनाममध्ये शत्रूच्या मुलखात खोलवर टेहळणी करणाऱ्या एकाच तुकडीत होते. स्नेक आइज मायदेशी परतला तेव्हा त्याचे आईवडील आणि जुळी बहीण मोटार अपघातात गेली होती. मग तो स्टॉर्म शॅडोच्या जपानी घराण्याकडे शिकायला गेला. तिथे गुरूचा खून झाला आणि आळ स्टॉर्म शॅडोवर आला. मौन आणि मुखवटा यांचे कारण वेगळे आहे: एका मोहिमेत हेलिकॉप्टरला अपघात झाला असताना स्कार्लेटला वाचवायला तो मागे थांबला आणि स्फोटात चेहरा व आवाज दोन्ही गमावून बसला.

मुलांना बंदुका विकण्यासाठी काढलेल्या कॉमिकमध्ये युद्धावरून घरी परतणाऱ्याच्या वाट्याला काय येते हे इतके सरळ यावे, ही गोष्ट विरळाच. १९९४ मध्ये मार्व्हलचा १५५ वा आणि अखेरचा अंक निघाला, तोही या मुक्या माणसाच्या पत्राभोवती गुंफलेला. सोबत्याचा मुलगा सैन्यात जाऊ पाहतो आणि स्नेक आइज त्याला सैनिकी आयुष्याची किंमत लिहून कळवतो.

खेळण्याच्या आवृत्त्या पुष्कळ झाल्या, पण संग्राहकांच्या दृष्टीने पहिल्या दोन महत्त्वाच्या. १९८२ च्या बाहुल्याचा हात कोपरात वाकतो, पण दंडात फिरत नाही. १९८३ पासून तो फिरू लागला. जुना बाहुला ओळखण्याची ही सोपी खूण. १९८५ ची आवृत्ती पूर्ण नव्या साच्याची: डोळ्यांवर जाळीदार पट्टी, तलवार आणि टिंबर नावाचा लांडगा. आज स्नेक आइज म्हटले की बहुतेकांना हेच रूप आठवते. या बाहुल्यांचे धड आणि पाय आतून एका रबरी कडीने जोडलेले असतात. ती वर्षांनी सुकून तुटते, पण पाठीचा स्क्रू काढून नवी घालता येते. अंगठा तुटला तर मात्र इलाज नाही. बंदूक जोर लावून हातात कोंबणाऱ्यांनी किती अंगठे मोडले असतील त्याला गणती नाही. २००७ पासून रबरी कडी नसलेली नवी बांधणी आली आणि २०२० पासून 'क्लासिफाइड' मालिकेत सहा इंची स्नेक आइज मिळू लागला.

चित्रपटांत त्याचे नशीब तितके चांगले नव्हते. २००९ आणि २०१३ च्या चित्रपटांत रे पार्कने ही भूमिका केली. पहिल्यातल्या मुखवट्यावर चक्क ओठ कोरलेले होते आणि चाहत्यांनी त्याची भरपूर थट्टा केली. २०२१ मध्ये हेन्री गोल्डिंगला घेऊन त्याच्या नावाचाच चित्रपट निघाला. त्यात त्याला चेहरा मिळाला, आवाजही मिळाला. चित्रपट आपटला.

भारतात हॅस्ब्रोच्या परवान्याने 'जी. आय. जो' बनवले ते एमआरएफ समूहाच्या फनस्कूलने. या कंपनीचा कारखाना गोव्यात आहे. अमेरिकेत १९९४ मध्ये मालिका थांबल्यावरही फनस्कूलचे साचे चालूच राहिले. रंग मात्र मूळ बाहुल्यांशी जुळतीलच असे नाही. कधी पँटचा रंग वेगळा, कधी शर्टाचा. इथल्या मुलांना त्यात काही वावगे वाटले नाही, कारण मूळ रंग त्यांनी पाहिलेच नव्हते. पुढे अमेरिकेतील संग्राहक हेच विचित्र रंगांचे भारतीय बाहुले खास मागवून घेऊ लागले.