यंत्र आधी आले, माणसे नंतर

स्मरणिका समितीने 'तुझ्या कामाविषयी काही लिही' असे सांगितले. माझी नोकरीची वर्षे मुंबईत सोनोग्राफी विभागात परिचारिका म्हणून गेली. आपल्या सांडोरच्या कितीतरी मुली या पेशात आहेत, म्हणून पोटातल्या बाळाच्या तपासणीचा आणि उपचारांचा इतिहास थोडक्यात मांडते.

सुरुवात ग्लासगोची. स्त्रीरोगतज्ज्ञ इयन डोनाल्ड यांनी 1955 साली शस्त्रक्रियेत काढलेल्या गाठी मोटारीतून एका बॉयलर कारखान्यात नेल्या. तिथे धातूतली भेग ध्वनिलहरींनी शोधणारे यंत्र होते. ते या गाठींवर लावले, तर घट्ट गाठ आणि पाण्याची गाठ यांतला फरक कळला. पुढे अभियंता टॉम ब्राऊन आणि तरुण डॉक्टर जॉन मॅक्व्हिकर सोबत आले. 1958 मध्ये 'लॅन्सेट'मध्ये तिघांचा लेख छापून आला. म्हणजे ही विद्या जन्मली तीच तिघांच्या हातून.

1981 साली सॅन फ्रान्सिस्कोत मायकेल हॅरिसन यांनी गर्भाशय उघडून लघवीचा मार्ग तुंबलेल्या बाळावर शस्त्रक्रिया केली. तेव्हा बाळांचा सर्जन, प्रसूतितज्ज्ञ आणि सोनोग्राफी करणारा डॉक्टर अशी माणसे एकत्र बसून निर्णय घेऊ लागली. एकट्या डॉक्टरचे हे काम नाही, हे तिथे पक्के झाले.

आपल्याकडे अशी माणसे एकत्र येण्याजोगी जागा म्हणजे परळ. 1926 चे केईएम, त्याच वर्षीचे नौरोसजी वाडिया प्रसूतिगृह आणि शेजारीच 1929 चे बाई जेरबाई वाडिया मुलांचे रुग्णालय. आई आणि बाळ, दोघांचे डॉक्टर हाकेच्या अंतरावर. वसईच्या अवघड बाळंतिणी लोकलने दादर गाठून तिकडे जात, त्या उगाच नव्हे.

पण महाराष्ट्रात यंत्र फार वेगाने पसरले आणि टीम मागे राहिली. पोटातले बाळ धड आहे का, याऐवजी मुलगा की मुलगी हेच विचारले जाऊ लागले. मुंबईतल्या स्त्री-संघटनांनी आणि काही डॉक्टरांनी आवाज उठवला आणि 1988 साली देशातला या विषयावरचा पहिला कायदा महाराष्ट्राने केला. 1994 मध्ये केंद्राचा कायदा आला, 2003 मध्ये तो कडक झाला. तरी राज्यात सहा वर्षांखालील दर हजार मुलग्यांमागे मुली 1991 च्या जनगणनेत 946 होत्या, त्या 2001 मध्ये 913 आणि 2011 मध्ये 894 झाल्या. नुसते यंत्र हाती असले की काय होते, हे या आकड्यांत दिसते.

टीम असली की काय होते, तेही सांगते. पाचव्या महिन्याच्या सोनोग्राफीत बाळाच्या हृदयाच्या दोन मोठ्या रक्तवाहिन्या अदलाबदल झालेल्या दिसल्या, तर बाळंतपण कुठे करायचे हे तेव्हाच ठरवता येते. जन्मल्याबरोबर औषध सुरू होते, काही दिवसांत शस्त्रक्रिया होते. वार खाली असेल, तर कळा सुरू होण्याआधीच रक्ताची सोय असलेल्या ठिकाणी बाईला हलवता येते. पण रिपोर्ट हातात देऊन 'पुढच्या वेळी या' म्हटले, तर तोच कागद घरच्यांना नुसता घोर लावतो.

2021 च्या सुधारित गर्भपात कायद्यानेही हे मान्य केले. चोवीस आठवड्यांनंतर गर्भात गंभीर दोष आढळला, तर निर्णय वैद्यकीय मंडळाकडे जातो. त्यात स्त्रीरोगतज्ज्ञ, बालरोगतज्ज्ञ आणि रेडिओलॉजिस्ट किंवा सोनोलॉजिस्ट लागतातच. आपल्या गावात या प्रश्नाला श्रद्धेची बाजूही आहे. म्हणूनच घाई न करता, दोन्ही वाटा नीट समजावणारे माणूस टीममध्ये हवे. माझ्या अनुभवात ते काम बहुधा परिचारिकेकडेच येते.

आज सांडोरजवळ बंगलीला कार्डिनल ग्रेशस रुग्णालय आहे, वसईत सर डी. एम. पेटिट आहे, सोनोग्राफीची यंत्रे तर गल्लोगल्ली आहेत. आपल्या शाळेतून डॉक्टर, परिचारिका, तंत्रज्ञ, समुपदेशक सगळे बाहेर पडले आहेत. महिन्यातून एक संध्याकाळ त्यांनी एकत्र बसावे, अवघड केस समोर ठेवावी आणि कुणाला कधी, कुठे पाठवायचे ते ठरवावे. त्यासाठी नवी इमारत लागत नाही. मेळाव्याला येणाऱ्यांनी नावे द्यावीत, यादी करायला मी बसते.