तीन मिनिटांची पावती

आमच्या घरी माळ्यावर शिसवी लाकडाची एक पेटी आहे. लाखेच्या जुन्या तबकड्या तीत उभ्या रचून ठेविल्या आहेत. हा आमच्या आजोबांचा संग्रह. केसरबाई केरकरांचे गाणे त्यांनी समोर बसून ऐकिले होते. बाईंची तबकडी लावून झाली, सुई उचलली, की ते हटकून म्हणावयाचे, “हे गाणे नव्हे बाबांनो, ही गाण्याची पावती.” पावतीचे मोल ठरविणे हा पुढे आमच्या पोटापाण्याचाच भाग झाला, पण आजोबांच्या या वाक्याचा निकाल आम्हांस अनेक वर्षे लाविता आला नव्हता.

या पावत्या फाडावयास प्रारंभ झाला तो १९०२ साली. लंडनच्या ग्रामोफोन कंपनीचा माणूस फ्रेड गाइसबर्ग त्या वर्षी कलकत्त्यास उतरला, आणि नोव्हेंबरात त्याने गौहरजान यांचे गाणे मुद्रित केले. तेव्हा मायक्रोफोन नव्हता. गाणाऱ्याने भल्यामोठ्या कर्ण्यात तोंड घालूनच जणू गावयाचे, आणि त्या आवाजाच्या धक्क्याने सुई मेणावर रेघ ओढणार. ही मुद्रणे तबकड्या छापण्यासाठी जर्मनीत हॅनोव्हरला जात. तिथल्या कारागिरांना कोणाचे गाणे कोणते हे कळावे म्हणून गाणे संपताच गायिकेने आपले नाव मोठ्याने सांगावयाचे. गौहरजान तर ते इंग्रजीत सांगत. साक्षीदाराने जबानीखाली सही करावी तसाच हा प्रकार! तबकडीसाठी लागणारी लाख बहुतांशी हिंदुस्थानातून परदेशी जाई आणि हिंदुस्थानचाच आवाज अंगावर घेऊन परत येई. १९०८ मध्ये कलकत्त्यात सियालदहला कारखाना निघाला, तेव्हा ही यातायात संपली.

दहा इंची तबकडीच्या एका बाजूस सुमारे तीन मिनिटे मिळत. ज्या गायकाची तीन मिनिटे तंबोरा जुळविण्यात जावयाची, त्याने त्यात ख्याल बसवावा कसा? अल्लादियाखाँसाहेबांनी (१८५५–१९४६) हा सौदा मान्यच केला नाही. त्यांचे गाणे मुद्रित झाले नाही. बडोदे संस्थानात कठोर येथे जन्मलेले भास्करबुवा बखले १९२२ साली वारले. त्यांचाही आवाज आपणांस उपलब्ध नाही. या दोघांविषयी आपण जे जाणतो ते शिष्यांच्या तोंडून आणि श्रोत्यांच्या आठवणींतून. न्यायालय ऐकीव पुराव्याकडे संशयाने पाहते. संगीताचा इतिहास मात्र त्याच्याच खांद्यावर बसून हिंडतो. आणि ज्याचे काहीच ऐकावयास मिळत नाही त्याला सर्वांत मोठे म्हणणे फार सोपे असते, हेही येथे नमूद केले पाहिजे. ज्यांनी तबकड्या दिल्या, त्यांच्या प्रत्येक सुरात आज कोणीही खोट काढू शकतो.

ज्यांनी सौदा मान्य केला त्यांचे पुढे काय झाले? सर्वांचे सारखे झाले नाही. अब्दुल करीमखाँसाहेबांची भैरवीतील ठुमरी ऐकताना ती तीन मिनिटांत आटोपली असे आम्हांस कधी वाटले नाही. तिला तेवढीच जागा हवी होती. बडोद्याचे दरबारगायक फैयाजखाँ यांच्या तबकडीवरील नटबिहागात मात्र मैफलीचा माणूस घाईघाईने दिवाणखान्यातून जाताना दिसतो. पण चाल अशी ऐटदार की आपण खिडकीशी उभे राहतोच. केसरबाईंचे तिसरेच. त्यांच्या गाण्याचे बळ संथपणे चढत जाणाऱ्या इमारतीत, लयीला बिलगून चाललेल्या, एकातून दुसरी निघणाऱ्या तानांच्या अखंड साखळीत. तबकडीत त्या साखळीचे चार दुवे येतात. दुवे अस्सल सोन्याचे, यात वाद नाही. पण आजोबा साखळी पाहून आले होते.

येथवर आजोबांचीच बाजू बळकट दिसते. परंतु त्यांच्या पश्चात ज्या गोष्टी घडल्या त्या विचारात घेतल्यावाचून निकाल देता येत नाही. फोंडे महालातल्या केरी गावात १८९२ साली जन्मलेल्या या बाईंनी आपली विद्या जवळजवळ एकट्या धोंडूताई कुलकर्णींच्याच पदरात घातली. बाई १६ सप्टेंबर १९७७ रोजी गेल्या आणि धोंडूताई २०१४ साली. त्याच १९७७ मध्ये अमेरिकेची दोन व्हॉयेजर याने अवकाशात निघाली. त्यांवर सोन्याचा मुलामा दिलेली तांब्याची एकेक तबकडी बसविली होती. तीत साऱ्या पृथ्वीचे मिळून सत्तावीस संगीताचे नमुने, आणि हिंदुस्थानातून एकच: केसरबाईंची भैरवी, साडेतीन मिनिटांची. निवड रॉबर्ट ब्राउन या संगीत-अभ्यासकाच्या शिफारशीने झाली. ध्वनिमुद्रिका बाजारातून नाहीशी झालेली. न्यूयॉर्कमधल्या एका हिंदी कुटुंबाच्या दुकानात तिच्या प्रती मिळाल्या. पहिले यान २० ऑगस्टला आणि दुसरे ५ सप्टेंबरला सुटले. म्हणजे बाई त्या वेळी हयात होत्या. आज ती दोन्ही याने सूर्याच्या वाऱ्याची सीमा ओलांडून पलीकडे गेली आहेत, आणि एकट्या केसरबाईंच्या नावे हिंदी संगीताची पावती त्यांच्याजवळ आहे. अल्लादियाखाँसाहेबांचा आवाज तिथे नाही. त्यांच्या शिष्येचा आहे.

त्यांच्याच दुसऱ्या शिष्या मोगूबाई कुर्डीकर (१९०४–२००१). त्यांचे कुर्डी गाव साळावली धरणाच्या पाण्याखाली गेले. उन्हाळ्यात पाणी ओसरले की जोती, देवळे, वाटा उघड्या पडतात, जुने रहिवासी तिथे जमतात आणि पावसाबरोबर सारे पुन्हा झाकले जाते. मोगूबाईंची तबकडी मात्र बारमाही उघडी आहे. ज्याचा माल हाती आहे त्याला पावतीची किंमत नसते. आजोबांच्या हाती माल होता. आमच्या हाती नाही. तेव्हा त्यांचे म्हणणे त्यांच्यापुरते खरे होते, आणि आमच्यापुरते अपुरे, एवढाच निवाडा आम्ही अखेर दिला आहे. अपील करावयास आजोबा नाहीत, ही त्यातली अडचण.

अशिलांची वर्दळ संपली की संध्याकाळी आम्ही हल्ली हे गाणे भ्रमणध्वनीवरच लावतो. माळ्यावरची पेटी सहसा उघडीत नाही. एके ठिकाणी आमचा कान उगीच थांबतो. आमच्या तबकडीस तेथे चरा पडलेला आहे. सुई प्रत्येक फेऱ्याला तिथे टक् करी, आणि आजोबा तोंडातल्या तोंडात काहीतरी पुटपुटत. भ्रमणध्वनीवर तो टक् नाही, आणि सम आली तरी आमची मान किंचित उशिराने हलते.